लिंबाजीअण्णांचं पोतं

धारूरच्या पेठेतून रोज सकाळी साठी उलटलेला एक टेलर ज्वारीचं पोतं दोन्ही हातांवर आडवं घेऊन चालायचा. नवरीला उचलतात तसं. एक हात पोत्याच्या मानेखाली, दुसरा गुडघ्याखाली. पोत्याला मान आणि गुडघे कुठून आले, असं तुम्ही विचाराल. या पोत्याला होते. टेलरनं स्वतःच्या मशीनवर ते तसं शिवलं होतं.

आडतीवरचे हमाल हसून बेजार व्हायचे. पोतं पाठीवर घेतात, फार तर खांद्यावर. असं लाडात कुणी घेत नाही. हॉटेलातून हमखास आवाज यायचा, "अण्णा, वरात कुठं निघाली?" लिंबाजीअण्णा मान न वळवता, धापा टाकत सांगायचे, "वस्तादाच्या मांडवात!"

तो वस्ताद म्हणजे मी. किल्ल्याकडं जाणाऱ्या रस्त्याला पत्र्याच्या शेडात माझी जिम आहे. पोलीस भरतीत पळताना माझा गुडघा गेला, गुडघ्याबरोबर भरती गेली, मग दुसऱ्यांना भरती करायचा उद्योग मांडून बसलो. सामान सगळं देशी. ट्रॅक्टरच्या ॲक्सलचा बार आणि तेलाच्या डब्यात सिमेंट ओतून केलेली वजनं. येणारी पोरं भरतीची. चार महिने घाम गाळतात, निकाल लागला की एकजण मिठाई घेऊन येतो आणि बाकीचे तोंड दाखवत नाहीत. माझं डोकं लवकर तापतं, हे गावाला ठाऊक आहे. अशा धंद्यात ते थंड राहील तरी कसं?

शेडच्या भिंतीवर मी पेंटरकडून एक बोर्ड लिहून घेतला होता. 'व्यायामाचे फायदे : झोप शांत लागते. भूक वाढते. व्यसन सुटते. मन प्रसन्न राहते.' बाजूला बजरंगबली काढायला सांगितला होता. तो काढला, पण त्याचा चेहरा थेट पेंटरच्या मेव्हण्यासारखा आला. या बोर्डानं पुढं मला फार छळलं.

लिंबाजीअण्णा पहिल्यांदा आले तेव्हा गळ्यात माप घ्यायची टेप होती. पोरांना वाटलं, कुणीतरी ड्रेस शिवायला टाकलाय.

"वस्ताद, मला माणूस उचलता आला पायजे," अण्णा म्हणाले.

"कुणाशी वाकडं आलंय का, अण्णा?"

"आपटायचं न्हाई हो. उचलायचंय नुसतं. आमच्या म्हातारीला."

पोरं फिस्सकन हसली. मीही हसलो असतो, पण मला कौसाकाकू माहीत होत्या. अण्णा म्हणजे काडीपैलवान. जन्म मशीनवर बसून गेलेला, कात्रीपेक्षा जड काही उचललेलं नाही. काकू चांगल्या उंच, धिप्पाड. दुकान झाडायची वेळ झाली की त्या अण्णांना "उठा" म्हणायच्या आणि शिलाई मशीन पायडलसकट उचलून बाजूला ठेवायच्या. त्या घरात पाण्याच्या घागरी, धान्याची पोती, गॅसची टाकी, जे काही उचलायचं ते काकूंनी. अण्णांनी फक्त सुई उचलायची, तीही पडली तर काकूच शोधून द्यायच्या.

दिवाळीत अनारसे तळता तळता काकू खाली बसल्या त्या उठल्याच नाहीत. लकवा. उजवं अंग गेलं, तोंड वाकडं झालं. आंबाजोगाईच्या दवाखान्यातून घरी आणलं, तेव्हापासून त्या खाटेवर. मुलगा पुण्याला कंपनीत. तो फोनवर म्हणाला, बाई लावू. काकूंनी डाव्या हातानं नको नको केलं.

"म्हातारीनं पाणी प्यायचं सोडलंय, वस्ताद," अण्णा खाली बघत म्हणाले. "म्हनती, प्यालं की मोरीकडं न्यावं लागतं. गल्लीतल्या बाया येत्यात, कुणी हात धरतं, कुणी पाय धरतं. लुगडं सावरत न्हाई. चांगल्या हाईत बाया, पण हिला लाज वाटती. व्हट फुटलेत पार. घोटभर घे म्हनलं तर तोंड फिरवती. मला एकट्याला उचलता आली तर दुसऱ्या कुणाचा हात लागायचा न्हाई तिला. तेवढंच शिकवा. बाकी मला काय भरती व्हायचं न्हाई."

मला कुणाचं वाईट वाटलं की मी ओरडतो. "मग आजच सुरू करा की! उद्याची वाट कावून बघायची?" असं मी उगाच खेकसलो. अण्णांनी टेप काढून खिळ्याला टांगली आणि कोपरीच्या बाह्या वर केल्या. त्या दंडांकडं बघून मला रडूच आलं असतं.

सुरुवातीचे दिवस म्हणजे तमाशाच होता. अण्णांना नुसता मोकळा बार दिला तरी बार अण्णांना घेऊन खाली यायचा. पण माणूस चिकट. लग्न असो, मयत असो, बाजाराचा दिवस असो, अण्णा हजर. याला ते 'नेम' म्हणायचे. "नेम चुकला की म्हातारी तहानली," एवढंच त्यांचं गणित.

थोडी ताकद आली तसे ते माझ्या लोखंडावरच घसरले. "तुमचं लोखंड वाकत न्हाई, वस्ताद. म्हातारी मधीच वाकती. ह्यानं सराव कस्काय व्हायचा?" दुसऱ्या दिवशी सायकलला बांधून ते पोतं आलं. जाड तरटाचं, मानेशी आवळलेलं, कंबरेशी रुंद, गुडघ्याशी टीप मारून दुमडणारं. आत ज्वारी. खरोखरच ते मधे वाकायचं, एका बाजूला कलायचं, हातातून निसटायचं. माणूस बेशुद्ध पडला की जड होतो तसं ते जड होतं. सुरुवातीला अगदी थोडी ज्वारी, मग जमेल तशी वाढवायची. दवाखान्यात काकूंचं वजन केलं होतं, आडतीच्या काट्यावर तेवढी ज्वारी अण्णांनी काढून ठेवली होती. ती सगळी ज्या दिवशी पोत्यात जाईल, त्या दिवशी काकूंना हात घालायचा.

पोतं निसटायला लागलं की संजू नावाचा आमचा दांडगा पोरगा मदतीला पुढं व्हायचा. अण्णा पोत्याखाली अर्धे चेमटलेले, डोळे बाहेर आलेले, तरी आतून ओरडायचे, "हात लावायचा न्हाई!"

"अण्णा, मराल की!"

"मरू दे! हात लावायचा न्हाई!"

हे वाक्य जिममधे इतकं चाललं की पोरं एकमेकांच्या डब्यालासुद्धा तसंच म्हणायला लागली. पोरांचा जीव होता अण्णांवर. त्याला कारण ती टेप. व्यायाम झाला की अण्णा पोरांचे दंड मोजून द्यायचे आणि मोजताना टेप जरा सैल धरायचे. पोरं खूश होऊन जायची. मी एकदा डोळे वटारले तर हळूच म्हणाले, "असू द्या वस्ताद, घरी जाऊन मायला सांगंल."

आणि तो बोर्ड! पोथी वाचावी तसा अण्णा तो वाचायचे आणि आपला हिशोब मला ऐकवायचे.

"झोप शांत लागती, हे खरं हाय. आडवं पडलं की मेल्यावानी. भूक वाढती, हेबी खरं. काल चार भाकरी खाल्ल्या, म्हातारी बघतच ऱ्हायली. व्यसनाचं म्हनाल तर बिडी सुटली. दम लागतो हो, सोडावीच लागली. पण ह्या चौथ्या फायद्याचं काय? मन परसन ऱ्हाते?"

"येईल अण्णा. हळूहळू येतं."

"मंग तसं लिवा की. मन परसन ऱ्हाते, पण हळूहळू."

आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. "वस्ताद, अजून न्हाई बरं का झालं परसन." एखाद्यानं दुकानात खराब माल परत आणावा तसा सूर. मी चिडायचो. खरं सांगायचं तर त्या शेडात इतकी वर्षं राबून माझंही मन कधी प्रसन्न झालेलं नव्हतं. पण दुसऱ्या जिमवाल्यांच्या बोर्डावर असतं, म्हणून आपणही लिहायचं. ते अण्णांना कोण सांगणार?

उन्हाळा गेला, पावसाळा सरत आला. अण्णांच्या पाठीचा बाक गेला. दंडाला गोटी आली. मशीनवर बसून कुरकुर करणारा, गिऱ्हाइकाच्या अंगावर धावून जाणारा हा माणूस लोकांशी दोन शब्द बरे बोलायला लागला. आणि एक दिवस काढून ठेवलेली सगळी ज्वारी पोत्यात गेली. अण्णांनी ते उचललं, शेडाला एक चक्कर मारली आणि अलगद खाली ठेवलं. पोरांनी शिट्ट्या मारल्या. अण्णा मला म्हणाले, "चला घरी."

काकूंची खाट आतल्या अंधाऱ्या खोलीत होती. आम्हाला बघून त्या पदर सावरायला लागल्या. एका हातानं तो सावरेना. दाराशी गल्लीतल्या दोन बाया सवयीनं पुढं झाल्या.

"हात लावायचा न्हाई," अण्णा म्हणाले. या वेळी ओरडून नाही.

त्यांनी एक हात मानेखाली घातला, दुसरा गुडघ्याखाली. काकूंनी भीतीनं डोळे मिटले आणि डाव्या मुठीत अण्णांची कॉलर गच्च धरली. अण्णा उठले. पाय थरथरले, पण उठले. उंबरा ओलांडून ते काकूंना घेऊन बाहेर आले आणि ओट्यावरच्या खुर्चीत उशीला टेकवून बसवलं. किती महिन्यांनी त्या बाईनं रस्ता बघितला. डोंगरातून सीताफळांच्या पाट्या घेऊन बाया बाजाराकडं चालल्या होत्या, त्यांच्याकडं त्या बघत राहिल्या. मग वाकड्या तोंडानं काहीतरी म्हणाल्या. मला कळलं नाही, अण्णांना कळलं. ते पळत आत गेले आणि तांब्या घेऊन आले.

काकू तांब्याभर पाणी प्यायल्या. घटाघटा, हनुवटीवरून गळ्यावर सांडत. पुन्हा मागितलं. अण्णा भिंतीकडं तोंड करून टेपची गुंडाळी करत बसले. ती गुंडाळी काही केल्या होईना. मग माझ्याकडं न बघताच म्हणाले, "निघा आता वस्ताद. जिम उघडी हाय तुमची."

त्यानंतर रोजचा रिवाज असा झाला. पहाटे काकूंना उचलून मोरीत, मग ओट्यावर. तिथून पोतं हातांवर घेऊन पेठेतून माझ्याकडं. संध्याकाळी काकूंना पुन्हा आत. सायकल आता लागत नव्हती. पेठेत हसणं चालायचं ते याच काळात. काकूंनाही अण्णांनी नेम लावला होता. ओट्यावर बसल्या बसल्या डाव्या हातानं पाण्याचा तांब्या वर, खाली. "आमची म्हातारीबी जिम करायली," असं जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगायचे.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं.

पुढच्या उन्हाळ्यात माझ्या लक्षात आलं की जिमच्या दारात चिमण्या फार व्हायला लागल्यात. चांगल्या गुबगुबीत. पोरांपेक्षा त्यांचीच तब्येत सुधारत होती. मग दिसलं की अण्णाच व्यायाम झाल्यावर पोत्याचं तोंड सोडतात, मापटंभर ज्वारी काढतात आणि दारात फेकतात. आज थोडी, दहा दिवसांनी थोडी. पोतं सैल पडत चाललं होतं. संजू म्हणाला, "अण्णा, ढिले पडले तुम्ही."

मी खवळलो. आमच्या धंद्यात वजन वाढवतात, कमी करत नाहीत. सगळ्यांसमोर म्हणालो, "नेम नेम करता आणि चोरून वजन उतरवता? हे काय चालवलंय, अण्णा?"

"माप बरोबर हाय, वस्ताद."

"काय बरोबर आहे?"

अण्णांनी मला बाजूला घेतलं. "सकाळी तिला उचलून येतो ना, तवा हाताला अंदाज असतो. मंग हितं येऊन पोतं उचललं की जड लागतं. म्हंजी तिचं उतरलं. मंग तेवढी काढतो." मग टेप चाचपत म्हणाले, "तिचे झंपर तर लई येळा उसवून आत घेतले. आता आत घ्यायला कापड ऱ्हायलं न्हाई."

दारात चिमण्या टिपत होत्या. मी दगड उचलून त्यांच्यावर भिरकावला.

मग आम्ही सगळेच मागे लागलो. पोरांनी भिजवलेले हरभरे वाटून दिले, कुणी म्हशीचं दूध आणलं, मी अंडी पाठवली, माळकरी घर असून अण्णांनी ती घेतली. डॉक्टर म्हणाले, खाल्लेलं अंगी लागत नाही आता. अण्णा वाटी-चमचा घेऊन ओट्यावर बसायचे, काकू दोन घास खायच्या, तिसऱ्याला तोंड फिरवायच्या. एवढं होऊनही पोतं रोज यायचं. आता ते अण्णा सहज आणायचे, धाप लागत नसे, वरातीवर कुणी बोललं तर उत्तरही देत नसत.

संजू भाबडेपणानं म्हणाला, "अण्णा, आता तर एका हातानं उचलाल तुम्ही!"

अण्णांनी त्याच्याकडं बघितलं. "मला जड पायजे रे बाबा," ते म्हणाले. "मला ती जडच पायजे होती."

थंडीच्या दिवसांत एका सकाळी अण्णा आले नाहीत. पेठेतला हॉटेलवाला रस्त्यात येऊन उभा, हमाल काम थांबवून उभे, सगळे अण्णांच्या गल्लीकडं बघतायत, हे मला शेडाच्या दारातून दिसलं. मला कुणी सांगायला आलं नाही, गरजही नव्हती. मी शटर ओढलं. पोरं माझ्या मागोमाग निघाली.

अंगणात तिरडी बांधून तयार होती. मुलगा पुण्याहून पोचला होता, तो आणि भावकीतले चौघं आत गेले. आतून आवाज आला, "हात लावायचा न्हाई."

कुणी म्हणालं, अण्णा, असं करत नसतात. मुलगा म्हणाला, दादा, आम्ही आहोत ना. पण त्या आवाजापुढं सगळे बाजूला झाले. अण्णा काकूंना घेऊन बाहेर आले. एक हात मानेखाली, दुसरा गुडघ्याखाली, डोकं खांद्याशी. पाय थरथरले नाहीत, पाठ वाकली नाही, शिकवलं होतं तसं गुडघ्यात बसून त्यांनी काकूंना खाली ठेवलं. लुगड्याचा काठ पायांवर ओढून घेतला. माझ्या शेजारी संजू हुंदके देत होता, आणि मी त्याला गप्प बस म्हणून दटावलं, कारण मलाही आवरत नव्हतं.

मग चौघांनी खांदा दिला. अण्णा मोकळ्या हातांनी मागून चालत गेले.

तेराव्यानंतरची सकाळ. मी शेड उघडलं, पोरं आत शिरली, आणि पायरीशी सायकलची घंटी वाजली. अण्णा होते. गळ्यात टेप नव्हती. पाठीला पुन्हा बाक आलेला. कॅरिअरला पोतं बांधलं होतं, इतकं रिकामं की मान आणि गुडघे एकमेकांना टेकले होते.

"पोरगा पुण्याला चल म्हनतो," अण्णा म्हणाले. "बघू. हे पोतं घरात ठिववत न्हाई आता. हितं ऱ्हाऊ द्या. कुणाला लागंल पुढं. म्हाताऱ्या काय, कुनाच्याबी घरात पडत्यात."

"राहू द्या की, अण्णा."

ते दोरी सोडायला लागले. सोडता सोडता त्यांची नजर बोर्डावर गेली.

"वस्ताद, त्या चौथ्या फायद्याचं सांगायचं ऱ्हाऊन गेलं. झालतं बरं का मन परसन. ती वट्यावर बसून पाणी प्याली, तवा झालतं. मंग रोजच व्हायचं, सकाळी उचलताना. म्या मेल्यानं कवाच सांगितलं न्हाई तुमाला. उगंच तुमच्या बोर्डाला नावं ठिवत ऱ्हायलो."

मी मान हलवली.

दोरी सुटली. अण्णांनी एक हात पोत्याच्या मानेखाली घातला, दुसरा गुडघ्याखाली, आणि तसेच वाकून उभे राहिले. पोत्यात उरलेली ज्वारीही अण्णांनी काढून टाकली होती, मी ते एका बोटावर नेलं असतं. संजू सवयीनं पुढं झाला आणि सवयीनंच थांबला. मीही हात मागं बांधून उभा होतो. ते वाक्य आता येईल म्हणून आम्ही सगळे वाट बघत होतो.

अण्णांनी मान वर केली.

"वस्ताद," ते म्हणाले, "जड लागायलंय. जरा हात लावता का?"

मी पुढं झालो. मानेकडची बाजू त्यांनी धरली, गुडघ्याकडची मी, आणि दोघांनी मिळून ते पोतं आत नेलं.